शुगर माझी, ठराव न्यूयॉर्कचा

मधुमेहाचं निदान झालं की घरात पहिला फरक चहात पडतो. एक कप बिनसाखरेचा होतो. मग सूचना सुरू होतात: गोड बंद, भात कमी, रोज पाऊण तास चालायचं, गोळी चुकवायची नाही. तीन महिन्यांनी रिपोर्टमधला आकडा वर गेलेला दिसला, की डॉक्टरांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे एकच विचारतात, "पथ्य सोडलंत ना?" मलेरिया झालेल्याला असं कुणी विचारत नाही. मधुमेह मात्र रुग्णाच्या जिभेचा आणि आळसाचा आजार समजला जातो.

आता कोडं असं, की हेच रुग्ण गेली वीसेक वर्षं संघटित होऊन थेट जगाच्या नेत्यांकडे जात आहेत. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मधुमेहावर स्वतंत्र ठराव केला. त्यानंतर २०११, २०१४, २०१८ आणि २०२५ मध्ये मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, दमा अशा दीर्घकालीन आजारांवर न्यूयॉर्कमध्ये देशोदेशींच्या सरकारांच्या बैठका झाल्या. पंतप्रधान काही आपल्याऐवजी सकाळी फिरायला जाणार नाहीत, की राष्ट्राध्यक्ष आपली गोळी लक्षात ठेवणार नाहीत. मग त्यांच्याकडे मागायचं तरी काय?

याचं उत्तर शोधताना आधी शरीरात, मग औषधांच्या बाजारात आणि शेवटी ठरावाच्या कागदात डोकवावं लागतं.

फलाटावर गर्दी, गाड्या रिकाम्या

गणपतीच्या आदल्या दिवशीचं एसटी स्टँड डोळ्यांपुढे आणा. भाकरी-भात पचून रक्तात उतरलेलं ग्लुकोज म्हणजे फलाटावरचे प्रवासी. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी म्हणजे फलाटाला लागलेल्या गाड्या. प्रवासी आत बसले तर गाडी हलणार, म्हणजे पेशीला ऊर्जा मिळणार. पण दार उघडायचं काम कंडक्टरचं. हा कंडक्टर म्हणजे इन्सुलिन. पोटात जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी ते तयार करतात आणि जेवण झालं की रक्तात सोडतात.

टाइप १ मधुमेहात कंडक्टर कामावर येतच नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बीटा पेशींना शत्रू समजून मारून टाकते. हा प्रकार बहुधा लहान किंवा तरुण वयात सुरू होतो. फलाट तुडुंब भरलेला आणि गाड्या रिकाम्या, अशी स्थिती होते. रक्तात साखर असूनही पेशी उपाशी राहतात, म्हणून मूल खात असतं आणि वाळतही असतं. ऊर्जेसाठी शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून किटोन नावाची आम्लं रक्तात साचतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं नाही तर बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत मृत्यू येतो. कितीही कडक पथ्य पाळलं तरी तो टळत नाही.

टाइप २ मध्ये कंडक्टर हजर असतात, पण दारं गंजलेली असतात. इन्सुलिन दार ठोठावतं, पेशी दाद देत नाहीत. याला इन्सुलिन-रोध म्हणतात. शरीर जादा कंडक्टर बोलावून काही वर्षं निभावून नेतं. पुढे बीटा पेशी थकतात, संख्या अपुरी पडते आणि गर्दी वाढते. मधुमेहाचे बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारातले असतात.

रोज अशी गर्दी होत राहिली की फलाटाची मोडतोड होते. साखरेनं रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचं तसंच होतं. आधी झिजतात त्या सर्वांत बारीक वाहिन्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या, मूत्रपिंडातल्या आणि पायाच्या नसांना रक्त पुरवणाऱ्या. नसा बधिर झाल्या की चपलेत खडा टोचलेला कळत नाही. जखम चिघळते आणि वेळेवर लक्ष गेलं नाही तर पाय कापण्यापर्यंत पाळी येते.

दुखत नाही, हीच अडचण

उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त भरली तर मधुमेह धरतात. पण साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीतून बाहेर टाकत नाही. मधल्या टप्प्यात ना तहान वाढते, ना लघवीच्या फेऱ्या वाढतात. माणूस ठणठणीत दिसतो आणि आत झीज चालू असते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात २० ते ७९ वयोगटातल्या ५८ कोटी ९० लाख लोकांना मधुमेह होता, आणि त्यांतल्या दहापैकी चौघांहून अधिक जणांना त्याचा पत्ताच नव्हता.

पत्ता लागल्यावर आजार आटोक्यात आहे की नाही हे मोजायची एक चांगली चाचणी आहे: एचबीए१सी. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे पाहिलं की गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दिवशी जेवण टाळून हा आकडा खाली आणता येत नाही.

या चाचणीचा आणखी एक उपयोग असा, की एकाच मोजमापानं हजारो रुग्णांचा ताळा घेता येतो. तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या, देशातल्या किती जणांची साखर आटोक्यात आहे हे मोजता येतं. पुढे नेत्यांना जाब विचारताना रुग्णांच्या हातात हाच आकडा असतो.

पथ्याच्या पलीकडे

आहार आणि व्यायाम महत्त्वाचे आहेत, यात वाद नाही. पण आजार कुणाला होणार आणि झाल्यावर कोण जगणार, हे सगळं ताटावर ठरत नाही.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता: २२.३. दोघंही सडपातळ. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के निघालं. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. इथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी भरली, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानानं कमी नव्हती. मधुमेहाची तयारी आईच्या पोटात, तिच्या पोषणापासून सुरू होते, या विचाराला या कामानं बळ दिलं. अशा बाळाला पुढे पन्नाशीत "पथ्य सोडलंस" एवढंच सुनावणं म्हणजे गोष्टीचं शेवटचं पान वाचून निवाडा देणं.

टाइप १ चं चित्र आणखी उघडं आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात असा अंदाज मांडला गेला, की २०२१ मध्ये वयाच्या दहाव्या वर्षी टाइप १ चं निदान झालेलं मूल श्रीमंत देशात असेल तर सरासरी आणखी ६५ वर्षं जगेल, आणि सर्वांत गरीब देशांत असेल तर फक्त १३. आजार तोच, औषधही तेच. ते मूल कोणत्या देशात जन्मलं, यानं एवढा फरक पडतो.

रोजच्या वापरातल्या लहान गोष्टीही रुग्णाच्या हातात नसतात. आपल्याकडे इन्सुलिनची कुपी बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेची असते, तर पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. औषधाच्या दुकानात चुकून दुसरी सिरिंज हाती पडली, तर त्याच खुणेपर्यंत औषध भरूनही डोस अडीच पट जास्त किंवा अडीच पट कमी जातो. जास्त गेला तर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, शुद्धही हरपू शकते. ही चूक टाळायला समजावून सांगणारी नर्स लागते, दुकानात योग्य सिरिंज लागते आणि घरी साखर मोजायला ग्लुकोमीटरच्या पट्ट्या लागतात. दिवसाला तीन-चार पट्ट्या म्हटल्या तर महिन्याचा खर्च कधी कधी इन्सुलिनपेक्षाही जास्त होतो.

फ्रिजचंही तसंच. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, असा नियम. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांनी काय करायचं? केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत रुग्ण इंजेक्शनसाठी रोज दवाखान्यात येत, कारण तंबूत औषध टिकणार नाही असं मानलं जाई. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी तिथल्या घरांमधलं तापमान नोंदवलं. ते २५ ते ३७ अंशांमध्ये वर-खाली होत होतं. तसंच तापमान प्रयोगशाळेत चार आठवडे ठेवून त्यांनी इन्सुलिन तपासलं, तेव्हा त्याची ताकद जेमतेम एक टक्का घटलेली आढळली. २०२१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरी इंजेक्शन घेण्याची मुभा म्हणजे शेतावर, शाळेत, कामावर जाण्याची मुभा. ती रुग्णाच्या निर्धारानं मिळत नाही, त्यासाठी कुणीतरी संशोधन करावं लागतं आणि नियम बदलावा लागतो.

एक डॉलरचं पेटंट

इन्सुलिन महाग का, हा प्रश्न इतिहास पाहिला की जास्तच टोचतो. १९२१ मध्ये टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी ते वेगळं काढलं. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचलं आणि मरणाच्या दारातून तो परत आला. पुढच्याच वर्षी पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देण्यात आले. औषध सर्वांपर्यंत पोहोचावं, कुणा एकाची मक्तेदारी होऊ नये, हा हेतू होता.

शंभर वर्षांनंतर जगातल्या इन्सुलिनच्या बाजाराचा नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा तीन कंपन्यांकडे आहे: डेन्मार्कची नोवो नॉर्डिस्क, अमेरिकेची एली लिली आणि फ्रान्सची सनोफी. इन्सुलिनची गरज असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते नियमित मिळत नाही. एका अभ्यासानुसार मानवी इन्सुलिनचा वर्षाचा पुरवठा ४८ ते ७१ डॉलरमध्ये देणं शक्य आहे. तरीही अमेरिकेत एका प्रचलित इन्सुलिनच्या एकाच कुपीची छापील किंमत १९९६ मधल्या सुमारे २१ डॉलरवरून २०१७ पर्यंत २७५ डॉलरवर गेली.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २६ वर्षांचा एक तरुण आईच्या आरोग्य विम्यातून वयाच्या अटीमुळे बाहेर पडला. पुरेसं इन्सुलिन विकत घेणं परवडेना म्हणून त्यानं ते पुरवून पुरवून वापरलं आणि तो दगावला. त्याच्या आईनं आणि इतर रुग्णांनी प्रश्न लावून धरला. २०१९ मध्ये रुग्णांचे जथे सीमा ओलांडून कॅनडात गेले आणि तेच औषध साधारण दहाव्या हिश्शाला विकत घेऊन आले. कॅमेऱ्यांसमोर झालेल्या त्या खरेदीमुळे भावातली तफावत कुणाला वेगळी सांगावी लागली नाही. २०२० मध्ये मिनेसोटानं तातडीच्या इन्सुलिनसाठी कायदा केला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्यात इन्सुलिनचा महिन्याचा खर्च ३५ डॉलरवर रोखला गेला, आणि तिन्ही कंपन्यांनी काही इन्सुलिनच्या छापील किमती ७० टक्क्यांच्या आसपास उतरवण्याचं जाहीर केलं. त्यात सरकारी सवलतींच्या नियमांमधल्या बदलाचाही वाटा होता. पण भावांविरुद्ध वातावरण तापवलं ते रुग्णांनी.

एचआयव्हीच्या रुग्णांनी घालून दिलेली वाट

रुग्णांनी धोरण बदलल्याचं सर्वांत मोठं उदाहरण एचआयव्हीचं आहे. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात एड्सच्या रुग्णांनी जाहीर केलं, की आमच्याविषयीच्या निर्णयात आम्ही हवेतच. १९९४ मध्ये पॅरिसमध्ये ४२ देशांनी हे तत्त्व मान्य केलं. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं एड्सवर खास अधिवेशन भरवलं. पुढच्या वर्षी एड्ससारख्या आजारांशी लढायला जागतिक निधी उभा राहिला आणि कालांतरानं त्याच्या संचालक मंडळावर रुग्ण-समुदायाला मताधिकार असलेली जागा मिळाली.

यात एक दुवा आपल्या मुंबईतला आहे. तेव्हा तीन औषधांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. रस्त्यावरच्या रुग्णांची मागणी, स्वस्तात औषध बनवू शकणारा कारखाना आणि ते विकत घेणारा निधी, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि लाखो जीव वाचले.

मग मधुमेहाचं घोडं कुठे अडलं? तीन ठिकाणी. एक, इन्सुलिन साध्या रसायनासारखं बनवता येत नाही. जनुकं बदललेल्या जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून ते करवून घ्यावं लागतं, आणि नव्या उत्पादकाला आपलं इन्सुलिन मूळच्या तोडीचं आहे हे सिद्ध करायला बराच पैसा आणि वेळ लागतो. मुंबईची वोखार्ट, बंगळुरूची बायोकॉन अशा भारतीय कंपन्या यात उतरल्या, पण जागतिक बाजारात शिरकाव सावकाश झाला. दोन, पैसा. २०२१ मध्ये जगात किमान ४ कोटी ३० लाख मृत्यू मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांनी झाले. कोविडचे मृत्यू वगळले तर एकूण मृत्यूंच्या हा तीन चतुर्थांश भाग होतो. पण आरोग्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मदतीतला त्यांचा वाटा एक-दोन टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. २००० साली जगानं ठरवलेल्या सहस्रक विकास उद्दिष्टांत एड्स आणि मलेरिया नावानिशी होते, मधुमेह नव्हता. तीन, दोष. एचआयव्हीच्या रुग्णांनाही समाजानं दोष दिला, पण ते रस्त्यावर उतरले. मधुमेहाचा रुग्ण मात्र स्वतःलाच दोष देत घरी बसतो. माझंच चुकलं असं मानणारा माणूस सरकारकडे काही मागायला जात नाही.

ठराव खाली कसा उतरतो

संयुक्त राष्ट्रांचा ठराव कायद्यासारखा बंधनकारक नसतो. मग तो कामाचा कसा ठरतो? याचं जुनं आणि चांगलं उदाहरण युरोपातलं आहे.

ऑक्टोबर १९८९ मध्ये इटलीतल्या सेंट व्हिन्सेंट गावात युरोपातल्या देशांच्या आरोग्य खात्यांचे प्रतिनिधी, डॉक्टर आणि रुग्ण-संघटना एकत्र बसल्या. त्यांनी जो जाहीरनामा केला त्यात गुळमुळीत शुभेच्छा नव्हत्या, आकडे होते. मधुमेहामुळे येणारं अंधत्व एक तृतीयांशानं कमी करायचं, मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण तितकंच घटवायचं आणि पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया निम्म्यावर आणायच्या, तेही पाच वर्षांत. पाच वर्षांत युरोपभर हे काही साधलं नाही. पण आकडा ठरला की तो मोजायची सोय करावी लागते. स्वीडननं १९९६ मध्ये मधुमेहाची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. प्रत्येक दवाखान्याला आपल्या रुग्णांचा एचबीए१सी, रक्तदाब, डोळ्यांची तपासणी यांची नोंद करून इतरांशी तुलना करता येऊ लागली. १९९८ ते २०१४ या काळात तिथल्या मधुमेहींचे मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके लक्षणीय घटले. नुसत्या जाहीरनाम्यानं हे झालं असतं, असं कुणी म्हणणार नाही. आकडे मोजायची सवय रुळली, म्हणून जाहीरनामा दवाखान्यापर्यंत पोहोचला.

जागतिक पातळीवरच्या पायऱ्या साधारण अशा:

१. ठराव. टाइप १ असलेली अमेरिकेतली एक तरुणी आणि तिची आई यांच्यासारख्या अनेकांनी धरलेल्या आग्रहातून मोहीम उभी राहिली. बांगलादेशानं ठराव मांडला आणि २० डिसेंबर २००६ रोजी आमसभेनं तो मंजूर केला. १४ नोव्हेंबर, म्हणजे बँटिंग यांचा जन्मदिवस, संयुक्त राष्ट्रांचा मधुमेह दिन झाला. आपल्याकडे तो बालदिनही असतो.

२. नेत्यांची बैठक. २००७ मध्ये कॅरिबियन देशांच्या सरकारप्रमुखांनी पोर्ट ऑफ स्पेन इथे या आजारांवर परिषद घेतली. त्या छोट्या बेटांनी धरलेल्या नेटातून २०११ ची न्यूयॉर्कची पहिली मोठी बैठक झाली.

३. उद्दिष्ट. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मधुमेहाची वाढ २०२५ पर्यंत थांबवायची असं ठरवलं. ती थांबली नाही. २०२२ मध्ये मग जास्त नेमकी उद्दिष्टं आली. २०३० पर्यंत मधुमेह असलेल्या शंभरांपैकी ८० जणांचं निदान झालेलं असावं. निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांची साखर आणि ८० टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात असावा. चाळिशीपुढच्या ६० टक्क्यांना कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन ही गोळी मिळावी. आणि टाइप १ च्या सर्वच्या सर्व रुग्णांना परवडणारं इन्सुलिन आणि घरी साखर मोजायची सोय असावी. गणित करून पाहा: शंभरांतले ८०, आणि त्यांतले ८० टक्के, म्हणजे ६४. सगळं जमून आलं तरी शंभरांतल्या ३६ जणांची साखर आटोक्याबाहेरच. उद्दिष्ट माफक आहे, आणि जग त्याच्याही बरंच मागे आहे.

४. यादी. जागतिक आरोग्य संघटना अत्यावश्यक औषधांची यादी काढते. देश तिच्या आधारे आपली यादी करतात आणि त्यावरून सरकारी खरेदी आणि किमतीची मर्यादा ठरते. २०२१ मध्ये जास्त काळ टिकणारी इन्सुलिन त्या यादीत आली. भारताच्या २०२२ च्या यादीत त्यांतलंच एक, इन्सुलिन ग्लार्जिन, आलं, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा लागू झाली. यादीतली अशी एक ओळ थेट दुकानातल्या बिलावर उमटते.

२०२५: काय मिळालं, काय गळलं

२५ सप्टेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये चौथी बैठक भरली. त्याआधी २ मे रोजी झालेल्या सुनावणीत रुग्ण आणि संस्थांनी आपलं म्हणणं मांडलं. जाहीरनाम्यात पहिल्यांदाच ठोस आकडे आले. २०३० पर्यंत तंबाखू वापरणारे १५ कोटींनी कमी व्हावेत, आणखी १५ कोटी लोकांचा रक्तदाब आटोक्यात यावा आणि आणखी १५ कोटी लोकांना मानसिक आरोग्यसेवा मिळावी.

गळतीही झाली. साखरयुक्त पेयांवरच्या कराचा पहिल्या मसुद्यात असलेला उल्लेख वाटाघाटीत उडाला. मेक्सिकोनं २०१४ पासून आणि ब्रिटननं २०१८ पासून असा कर लावला आहे. ब्रिटनमध्ये तर कर वाचवायला कंपन्यांनी पेयांमधली साखरच कमी केली. म्हणजे परिणाम दिसलेला उपाय कागदावरून गेला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या विरोधामुळे जाहीरनाम्यावर एकमत झालं नाही. डिसेंबरमध्ये आमसभेत मतदान होऊन तो मोठ्या बहुमतानं मंजूर झाला.

चौकट: थोडक्यात

• टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन बनवत नाही, टाइप २ मध्ये पेशी त्याला दाद देत नाहीत. दोन्हींत साखर रक्तातच राहते आणि बारीक रक्तवाहिन्या झिजतात.
• बराच काळ काही दुखत नाही, म्हणून दहापैकी चौघांहून अधिक जणांना आजाराचा पत्ता नसतो.
• पथ्य रुग्णाच्या हातात असतं. तपासणी, औषध, पट्ट्या, सिरिंज आणि त्यांची किंमत सरकार आणि बाजार ठरवतात.
• ठराव बंधनकारक नसतो. त्यात आकडा असेल, तो मोजायची नोंदवही असेल आणि विचारणारे रुग्ण असतील, तर तो दवाखान्यापर्यंत उतरतो.

आपल्या दवाखान्यात विचारायचे प्रश्न

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यवार पाहिलं तर सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळलं: २६.४ टक्के. म्हणजे तिथल्या दर चार प्रौढांमागे एक.

मोजणी सुरू झाली की काय होतं याचा अनुभव आपल्याकडेही आहे, मात्र तो रक्तदाबाचा. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत सरकारी दवाखान्यांमधून काम सुरू झालं. सर्वत्र एकच सोपी औषधयोजना ठरवली, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, औषधं एकदम महिन्याची दिली आणि जो आला नाही त्याला निरोप धाडला. दर तिमाहीला किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला हे मोजलं. २०२२ मध्ये या उपक्रमाला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. रक्तदाबासाठी जमलेली ही पद्धत मधुमेहाला लावायला कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही.

त्यामुळे न्यूयॉर्कपर्यंत जाणं जमणार नसेल, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाता येतं. तिथे चार प्रश्न विचारायचे. आपल्या केंद्रात मधुमेहाचे किती रुग्ण नोंदलेले आहेत? त्यांतल्या कितींची साखर आटोक्यात आहे? गेल्या तीन महिन्यांत मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्सुलिन किती दिवस संपलेलं होतं? आणि पायांची, डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा होते का? या प्रश्नांची उत्तरं एकट्या रुग्णाला मिळणं कठीण आहे. दहा जण मिळून ग्रामसभेत किंवा रुग्ण कल्याण समितीपुढे विचारू लागले, की नोंदवही उघडावीच लागते. जगाच्या नेत्यांकडे गेलेल्या रुग्णांनीही मोठ्या प्रमाणावर हेच केलं: पथ्य आम्ही पाळतो, बाकीचा हिशेब तुम्ही द्या, असं ते म्हणाले. "पथ्य सोडलंत ना?" या प्रश्नाला उत्तर द्यायला हरकत नाही. पण ते देताना "आणि इन्सुलिन का संपलं?" हा प्रश्नही सोबत विचारायला हवा.